डोळे झाकून घ्या

ग्लासगोत आले तेव्हा सामानात
लंडनच्या तीन वर्षांचा अनुभव होता
आणि किटलीतला चुना काढायची अर्धी बाटली.
दुसऱ्या मजल्यावरच्या आयसोबेल मॅक्रिंडलनं
ती उजेडात धरून पाहिली. म्हणाली,
अगं, इथलं पाणी डोंगरातल्या तळ्याचं.
किटली मरेल, पण पांढरी पडायची नाही.
तेवढ्यावर आमची ओळख झाली.

नोव्हेंबरात कपाटामागे बुरशी आली.
आधी पुरीएवढी, मग परातीएवढी.
मी जिन्यात सहज विचारलं,
आणि चार मजल्यांची आठही दारं बोलू लागली.

रादोस्लाव म्हणाला, ओल शोषणारं यंत्र घे, बारा लिटरचं.
वीसचं नको, रात्रभर बैलासारखं घोरतं.
शगुफ्ताबाजी म्हणाल्या, यंत्रबिंत राहू दे,
भात शिजवताना खिडकी उघडत जा, कंजूष कुठली!
आयसोबेल म्हणाली, बाराचंच घे, पण निळं नको,
निळ्याची टाकी गळते. बहिणीचा गालिचा गेला.

प्रत्येक शिफारशीच्या मागे
कुणाचा तरी गालिचा गेलेला असतो.

मी बारा लिटरचं घेतलं. पांढरं.
पहाटे टाकी मोरीत ओतताना नवल वाटायचं,
दोन माणसं बंद घरात
एवढं पाणी श्वासातून सोडतात?

हळूहळू मीही सांगती झाले.
बुटांना मेण लावा, फवारे फुकट जातात.
छत्रीवर पैसे घालू नका, इथला वारा छत्रीचा पोपट करतो.
ज्वारीचं पीठ कोपऱ्यावरचं नको, शिळं असतं,
भाकरीला भेगा पडतात.
(ज्वारी कुणीच खात नव्हतं. तरी सांगायचे.)
आणि शेवटी माझं ठरलेलं वाक्य,
मी वापरलंय. डोळे झाकून घ्या.
इंग्रजीत हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा
रादोस्लाव दचकला. दुकानात? डोळे झाकून?
मग त्याला आवडलं. मग सगळ्या जिन्यालाच.
आता टपालवाल्यालाही सांगतात,
अमुक मोजे, डोळे झाकून.

फेब्रुवारीत तळमजल्यावरचे रेनी
तीन मजले चढून दाराशी आले.
कथबर्ट रेनी. जन्मभर बस चालवलेली.
कुणाला कधी काही विचारताना
त्यांना आम्ही पाहिलं नव्हतं.
बायको डिसेंबरात गेली होती.
टोपी हातात. म्हणाले,
उशी कुठली चांगली?

मी विचारलं, कुशीवर झोपता की उताणे?
म्हणाले, झोपत नाही.

जिन्यातला दिवा आपोआप विझला.
मी हात हलवला, पुन्हा लागला.
उशांबद्दल मला मत होतं.
पिसांची बसते, फोमची तापते,
सगळं जिभेवर तयार होतं, त्या वाक्यासकट.
ते वाक्य मी गिळलं.

वरच्या कठड्यावरून शगुफ्ताबाजी वाकल्या.
त्यांना सगळं ऐकू येतं.
दोन घ्या, रेनी. एक डोक्याखाली,
एक पाठीशी. लांब बघा. आणि जरा जड.
आमचे गेले तेव्हापासून मी तशीच झोपते.

आयसोबेलला रंगाचं काहीतरी म्हणायचं होतं,
तोंड उघडून तिनं मिटलं.

रेनींनी खिशातून विजेचं बिल काढलं,
पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलं.
दोन. लांब. जड.
मग पेन्सिल तशीच धरून विचारलं,
पावती ठेवू ना?

ठेवा, मी म्हटलं.
अठ्ठावीस दिवस परत घेतात.
आणि पिशवी घरून न्या,
तिचे वेगळे पैसे पडतात.